चर्च परत उघडलं तेव्हाचा वाद, आणि तो किती जुना आहे ते

8 जून 2020 पासून देवळं, मशिदी, चर्च उघडायला परवानगी मिळाली आणि आमच्याकडे बडोद्यात घरोघरी भांडण सुरू झालं, रविवारी जायचं की नाही. मार्चच्या शेवटापासून उपासना मोबाइलवर, 12 एप्रिलचा ईस्टर पण हॉलमध्ये फोन उभा करून केलेला, त्यामुळे सगळे कंटाळले होते हे खरंच. आमची आजी मूळची नगरकडची, तिचं म्हणणं एकच, देवाच्या घरी जाताना कसली भीती, बायबलमधलं स्तोत्र 91 वाचा ना, मरी तुझ्याजवळ येणार नाही असं लिहिलंय. काका म्हणे आई, लिहिलंय ते बरोबर, पण तुझं वय बघ.

आता गंमत अशी की हेच स्तोत्र 91 बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात, चौथ्या अध्यायात, सैतान वापरतो. येशूला मंदिराच्या टोकावर उभं करून म्हणतो उडी मार, देवदूत झेलतील. आणि येशू म्हणतो, देवाची परीक्षा बघू नकोस. म्हणजे भरवसा कुठे संपतो आणि आगाऊपणा कुठे सुरू होतो हा प्रश्न कोरोनाने आणलेला नाहीच.

1527 मध्ये जर्मनीतल्या विटेनबर्गला प्लेग आला, विद्यापीठ गाव सोडून गेलं, प्रोटेस्टंट सुधारणेचा पुढारी मार्टिन ल्यूथर मात्र थांबला. दुसऱ्या गावातल्या पाळकांनी त्याला विचारलं होतं की ख्रिस्ती माणसाने प्लेगमधून पळावं का, त्याचं त्याने लांबलचक उत्तर लिहिलंय. त्याचा सार असा, मी देवाजवळ रक्षण मागेन, मग घरात धुरी देईन, औषध घेईन, जिथे माझी गरज नाही तिथे जाणार नाही, पण शेजाऱ्याला गरज पडली तर नक्की जाईन. मला वाटतं 2020 च्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एवढं एकच टाकलं असतं तरी अर्धी भांडणं मिटली असती, पण तेव्हा तिथे सगळे काढ्याचे फॉरवर्ड चालले होते.

आणि चर्च बंद ठेवणं हा देवावरचा अविश्वास असं म्हणणाऱ्यांसाठी अजून एक. 1576 च्या प्लेगमध्ये इटलीतल्या मिलान शहरात आर्चबिशप चार्ल्स बोरोमेओने चौकाचौकात वेद्या मांडल्या, लोकांनी आपापल्या खिडकीतून मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, बघायची. इंग्लंडमध्ये एयम नावाच्या गावात 1666 ला पाळकाने चर्चला कुलूप लावून उपासना बाहेर मोकळ्या दरीत घेतली, कुटुंबं एकमेकांपासून लांब उभी. मोबाइलवरची उपासना त्याच घराण्यातली म्हणायची.

आपल्याकडची गोष्ट अजून जवळची. 2020 मध्ये सरकारने जो साथरोग कायदा काढला तो 1897 चा, मुंबईच्या प्लेगसाठी केलेला. त्याच वर्षी पुण्याच्या प्लेग हॉस्पिटलात बायकांची काय अवस्था आहे यावर पंडिता रमाबाईंनी पेपरात पत्र लिहून सरकारला झापलं होतं. प्रार्थनेवर जगणारी बाई, पण म्हणून व्यवस्थेला जाब विचारायचा नाही असं तिला वाटलं नाही. याच रमाबाईंनी 1900 च्या दुष्काळात आपली माणसं गुजरातला पाठवून मुली केडगावच्या आपल्या आश्रमात नेल्या. इकडे त्या दुष्काळाला छप्पनियो म्हणतात, संवत 1956 चा म्हणून, आणि इथल्या बऱ्याच ख्रिस्ती घरांची विश्वासाची गोष्ट त्या दुष्काळातल्या मिशनच्या अनाथाश्रमापासूनच सुरू होते. त्यामुळे म्हातारी माणसं जेव्हा म्हणतात की देवाने तेव्हा वाचवलं, आता का नाही वाचवणार, तेव्हा हसून उडवता येत नाही.

4 जूनचे केंद्राचे नियम बघितले तर सहा फूट अंतर, मास्क, दारात तापमान, 65 च्या वरच्यांनी आणि 10 च्या खालच्यांनी घरी थांबावं, इथपर्यंत लोकांनी ऐकून घेतलं. पण गायनमंडळ नको, रेकॉर्डेड गाणी लावा, हे फार लागलं. गाण्याशिवाय कसली उपासना? कारण मात्र होतं. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात 10 मार्चला एका क्वायरची प्रॅक्टिस झाली, 61 जण होते, त्यातले 53 आजारी पडले (काहींची टेस्ट झाली नव्हती, लक्षणांवरून धरलेत) आणि दोघं गेले.

प्रभुभोजनाची, म्हणजे चर्चमध्ये सगळ्यांनी मिळून भाकर आणि द्राक्षारस घ्यायच्या विधीची, अडचण आमच्याकडे कमी होती कारण छोटे छोटे वेगळे ग्लास आधीपासूनच आहेत. ते पण रोगाच्याच भीतीने आले, 1890 च्या दशकात, जंतूंचं ज्ञान पसरल्यावर अमेरिकेतल्या चर्चमध्ये एकाच प्याल्यातून सगळ्यांनी पिणं बंद व्हायला लागलं तेव्हा. तेव्हाही जोरदार वाद झाला होता, आज कोणाला आठवत पण नाही.

नोव्हेंबरमध्ये बडोद्याला रात्रीचा कर्फ्यू लागला, नऊ ते सहा, त्यामुळे नाताळची मध्यरात्रीची उपासना गेली आणि 31 डिसेंबरची वॉचनाइट, म्हणजे वर्ष सरतानाची रात्रीची उपासना, पण गेली, जी मेथडिस्ट पंथात त्याचा संस्थापक वेस्लीच्या काळापासून आहे. मग दुसरी लाट, परत कुलूप, आणि 11 जून 2021 पासून एका वेळी जास्तीत जास्त 50 माणसं. आजी त्या 50 मध्ये बसायला तयार नव्हती, म्हणे तरण्यांना जाऊ दे, माझी जागा धरून ठेवा म्हणजे झालं. काकांनी खरंच तिच्या बाकावर तिची गाण्याची वही नेऊन ठेवली.