बोगोता : शहरदर्शन आणि कलासंग्रहालये

बोगोता ही कोलंबियाची राजधानी अँडीज पर्वतरांगेतल्या पठारावर, सुमारे २,६०० मी. उंचीवर वसलेली आहे. मुइस्का लोकांच्या या मुलखात गोन्सालो हिमेनेस दे केसादा या स्पॅनिश सरदाराने १५३८ मध्ये शहर वसवले. त्याचा जुना गाभा म्हणजे ला कांदेलारिया. इथली महत्त्वाची संग्रहालये इतकी लागून आहेत की दिवसभरात पायीच हिंडून होतात. याचे बरेचसे श्रेय बांको दे ला रेपुब्लिका या देशाच्या मध्यवर्ती बँकेचे. सुवर्ण संग्रहालय, बोतेरो संग्रहालय, जुन्या टांकसाळीतले नाण्यांचे दालन आणि लुइस आंहेल आरांगो ग्रंथालय हे सगळे तिच्याच मालकीचे.

सुवर्ण संग्रहालयाची सुरुवात १९३९ साली एका वस्तूच्या खरेदीने झाली. थडग्यांत सापडणारे प्राचीन दागिने वितळवून सोन्याच्या भावाने विकले जात. बँकेने ते जसेच्या तसे घ्यायला सुरुवात केली. ती पहिली वस्तू म्हणजे ‘पोपोरो किंबाया’, कोकाच्या पानांबरोबर चघळायचा चुना ठेवण्याचे पात्र. थोडक्यात चुनाळेच, पण धार्मिक विधीसाठी घडवलेले आणि सोन्या-तांब्याच्या मिश्रधातूचे. आज संग्रहात सोन्याच्या ३० हजारांहून अधिक वस्तू आहेत. सगळ्या पाहायचा हट्ट धरू नये. दुसऱ्या दालनानंतर डोळा सोन्याला सरावतो आणि फरक दिसेनासे होतात.

वेळ राखून ठेवावा तो मुइस्का तराफ्यासाठी, म्हणजे माणसांसह घडवलेल्या तराफ्याच्या छोट्याशा सोन्याच्या प्रतिकृतीसाठी. १९६९ मध्ये पास्का गावाजवळच्या गुहेत शेतकऱ्यांना तो सापडला. लांबी जेमतेम १९.५ सेंमी., म्हणजे वीतभरच. मधोमध मोठा सरदार, भोवती त्याच्या कमरेलाही न पोहोचणारी माणसे. मेणाची प्रतिकृती करायची, तिला मातीचे लिंपण द्यायचे, भाजून मेण वितळवून काढायचे आणि पोकळीत वितळलेल्या धातूचा रस ओतायचा, ही याची घडण. साचा फोडावाच लागत असल्याने जुळी वस्तू निघत नाही. जवळून पाहिले की मेणाच्या बारीक तारा वळून चिकटवल्याच्या खुणा धातूत उतरलेल्या दिसतात. नवा सरदार अंगाला सोन्याची भुकटी फासून ग्वाताविता सरोवरात तराफ्यावरून जाई आणि सोने, पाचू पाण्यात अर्पण करी. ‘एल दोरादो’ची, म्हणजे सोन्याने मढलेल्या माणसाची दंतकथा उगवली ती याच विधीच्या वर्णनांतून. तिच्यापायी स्पॅनिश लोकांनी सरोवर उपसण्याचाही खटाटोप केला.

संग्रहालयातून बाहेर पडले की हिमेनेस मार्गावर पाचूचे दलाल घोळक्याने उभे दिसतात. खिशातून घडीचा कागद काढून त्यातले हिरवे खडे दाखवतात. बघायला मजा येते, पण पारख नसेल तर बघण्यावरच भागवावे.

बोतेरो संग्रहालय २००० साली खुले झाले. मेदेयिन येथे जन्मलेले चित्रकार फेर्नांदो बोतेरो (१९३२–२०२३) यांनी बँकेला २०८ कलाकृती दिल्या. १२३ स्वतःच्या, ८५ इतरांच्या. त्यांत पिकासो, मोने, रेन्वार, शागाल, दाली आहेत. प्रवेश विनामूल्य. बोतेरोंची फुगीर माणसे विनोदी म्हणून हसण्यावारी नेली जातात, ते अन्यायाचे आहे. त्यांची संत्री, त्यांचे घोडे, गिटारही तशीच फुगीर असतात. त्यांना हवी होती ती व्यंग्यापेक्षा आकाराची भरीवता. अंगणाभोवतीच्या जुन्या वाड्यात ही चित्रे लावल्याने त्यांच्याकडे निवांत बघता येते.

उत्तरेला थोडे अंतर चालल्यावर राष्ट्रीय संग्रहालय लागते. त्याची स्थापना १८२३ ची; १९४८ पासून ते जुन्या तुरुंगाच्या क्रॉसच्या आकाराच्या इमारतीत आहे. वेळ कमी असेल तर हे वगळले तरी चालते. बोलिवार चौक मात्र वाटेतच येतो : कॅथीड्रल, संसद आणि १९८५ च्या बंडखोर हल्ल्यात जळाल्यावर नव्याने बांधलेले न्यायभवन.

जेवायला आहियाको हे सूप घ्यावे. कोंबडी, तीन जातींचे बटाटे, मक्याचे कणीस आणि गुआस्कास नावाचा पाला त्यात असतो. साय आणि केपरच्या कळ्या वरून आपापल्या घ्यायच्या.

मोन्सेराते डोंगराचा माथा ३,१५२ मी. उंचीवर आहे, वर जायला १९२९ पासूनची फ्युनिक्युलर (दोराने ओढली जाणारी) रेल्वे आणि रोपवे आहे. दुपारनंतर ढग उतरतात, म्हणून सकाळी जाणे बरे. मात्र विमानातून उतरल्याच्या दिवशी चढू नये, विरळ हवेने डोके धरते. वार निवडतानाही जपावे लागते : सुवर्ण संग्रहालय सोमवारी बंद, बोतेरो मंगळवारी. रविवारी सुवर्ण संग्रहालयात तिकीट नसते, शिवाय ‘सिक्लोविया’साठी, म्हणजे सायकलस्वार आणि पादचाऱ्यांसाठी, मोठे रस्ते दुपारपर्यंत मोटारींना बंद असतात, गर्दी चालत असेल तर तोच दिवस सोयीचा.