कापरेकरांची वजाबाकी आणि न थांबणारा लूप

प्रोग्रामिंगमधला लूप, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारी रचना, शिकवायला घेतला की पहिला स्वाध्याय ठरलेला असतो: दोनचा पाढा छापा. पाढा सगळ्यांना पाठ असतो आणि तो दहाव्या ओळीला संपणार हेही ठाऊक असतं. त्यामुळे लूपमधली खरी गोम, म्हणजे तो थांबवायचा कधी, तिच्याकडे लक्षच जात नाही. त्यापेक्षा देवळालीच्या एका शाळामास्तरांची वजाबाकी सरावाला घ्यावी.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांना १९४९ साली ६१७४ या संख्येची गंमत सापडली. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा, मोठ्यातून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. त्यातून ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, म्हणजे ६१७४. यापुढे कितीही वेळा करा, ६१७४च येते.

आता प्रोग्राम. आधी लूपला हात लावू नका. एका वजाबाकीचं फंक्शन लिहा: एक संख्या आत घ्यायची, एक परत द्यायची, बस्स. त्याला ३५२४ देऊन ३०८७ मिळतात का पाहा. एवढं जमल्याशिवाय पुढे गेलं, तर उत्तर चुकल्यावर दोष फंक्शनचा की लूपचा हे शोधत बसावं लागतं.

आणि फंक्शन बरोबर वाटत असतानाच २१११ देऊन बघा. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. संगणक पुढचं शून्य ठेवत नाही; त्याच्या लेखी ही तीन अंकी संख्या. ९९९मधून ९९९ गेले, उरलं शून्य, आणि ६१७४ कधीच येत नाही. कागदावर आपण सहज ०९९९ लिहितो, तेच यंत्राला सांगावं लागतं: अंक वेगळे करण्याआधी संख्येची स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ, करून चार अंक होईपर्यंत डावीकडे शून्यं भरा. मग ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, आणि गाडी ८०८२, ८५३२ करत ६१७४ला पोचते.

फेऱ्या किती लागतील हे आधी माहीत नसतं, म्हणून इथे व्हाइल लूप हवा: संख्या ६१७४ होत नाही तोवर फंक्शन पुन्हा बोलवा आणि दर वेळी मोजणी एकने वाढवा. याचंही एक फंक्शन करून टाका, संख्या दिली की फेऱ्या सांगणारं. मग त्याच्याभोवती ० ते ९९९९चा फॉर लूप, म्हणजे ठरावीक फेऱ्यांचा लूप, गुंडाळला, सारखे अंक असलेल्या दहा संख्या वगळल्या, की उरलेल्या ९९९० संख्यांचा निकाल क्षणात समोर. सातपेक्षा जास्त फेऱ्या एकीलाही लागत नाहीत. सर्वाधिक, म्हणजे २४०० संख्या, तीन फेऱ्यांत पोचतात. कापरेकरांना हे हातानेच करावं लागलं.

खरं तर एवढी मेहनतही लागत नाही. वजाबाकीचं उत्तर दोनच फरकांवर ठरतं: सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान अंक यांतला, आणि मधल्या दोघांतला. पहिल्याला ९९९ने गुणा, दुसऱ्याला ९०ने, बेरीज करा. ६१७४साठी हे फरक ६ आणि २ आहेत: ५९९४ अधिक १८०. अशा जोड्या जेमतेम ५४ होतात, म्हणजे पहिल्याच फेरीत ९९९० संख्या ५४ उत्तरांवर येऊन ठेपतात.

तीन अंकांना हाच खेळ ४९५वर थांबतो. धीर चेपला की पाच अंक घ्या. 'उत्तर मागच्याइतकंच आलं की थांब' अशी अट घातलीत तर प्रोग्राम फिरतच राहील. शेवटी कंट्रोल-सी दाबून बंद करावा लागेल. पाच अंकांत स्थिर संख्याच नाही. ५३९५५मधून ५९९९४ येते आणि ५९९९४मधून परत ५३९५५. उपाय सोपा आहे: येऊन गेलेली प्रत्येक संख्या यादीत ठेवा आणि नवं उत्तर यादीत आधीच असेल तर थांबा. असा लूप सारखे अंक असलेल्या सोडून सगळ्या पाच अंकी संख्यांवर चालवला की तीन चक्रं हाती लागतात, एक दोन संख्यांचं आणि दोन चार-चार संख्यांची.