ट्रान्झिस्टरच्या अँपमधून ट्यूबचा आवाज

1985 साली बॉब कार्व्हर या अमेरिकन अभियंत्याने ‘स्टिरिओफाइल’ या ऑडिओविषयक नियतकालिकाच्या मंडळींना एक आव्हान दिलं. तुम्हाला आवडेल तो अँप्लिफायर समोर ठेवा, माझ्या साध्या ट्रान्झिस्टरच्या अँपमधून मी तस्साच आवाज काढून दाखवतो. मंडळींनी मुद्दाम एक अतिशय महागडा ट्यूब अँप्लिफायर, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा अँप, निवडला. त्याचं नाव त्यांनी छापलं नाही. न्यू मेक्सिकोतल्या सांता फे इथे कार्व्हर दोनेक दिवस आपला अँप उघडून, सोल्डरिंग आयर्न हाती घेऊन बसला. सुरुवातीला परीक्षकांना दोन्ही आवाजांतला फरक कळत होता. काम संपलं तेव्हा तो सांगता येईना.

ही हकीकत मला फार महत्त्वाची वाटते. ट्यूबचा आवाज भरदार, गोड, ‘उबदार’ असतो असं म्हणणारे लोक खोटं बोलत नाहीत, फरक खरोखर ऐकू येतो. पण तो फरक काचेच्या नळीत किंवा तिच्या केशरी उजेडात दडलेला नाही. ट्यूब अँप मूळ सिग्नलला काही ठरावीक, मोजता येण्याजोग्या पद्धतींनी बदलतो. ते बदल ओळखले की ट्रान्झिस्टरलाही तेच करायला लावता येतं.

कार्व्हरने वापरलेली युक्ती बघण्यासारखी आहे. दोन्ही अँपना एकच सिग्नल द्यायचा आणि स्पीकरची दोन टोकं दोन अँपच्या ‘प्लस’ टोकांना जोडायची. दोन्ही अँप अगदी सारखं वागत असतील तर स्पीकरच्या दोन्ही टोकांवर कायम सारखंच व्होल्टेज राहील आणि स्पीकर गप्प बसेल. जे काही ऐकू येईल तो फक्त दोघांमधला फरक. मग सर्किटमध्ये एकेक बदल करत तो फरक विझवत न्यायचा. कार्व्हरने तो 70 डेसिबलपर्यंत खाली नेला, म्हणजे मूळ सिग्नलच्या सुमारे तीन हजाराव्या हिश्श्यावर. पुढे त्याने याच धर्तीवर अँप बाजारात आणला. त्याचा एक नमुना तपासला तेव्हा मात्र फरक इतका खोलवर विझला नाही आणि त्यावरून वादही झाला. त्यात आश्चर्य नाही. हाताने जुळवलेला एक अँप आणि कारखान्यात तयार होणारे शेकडो अँप यांच्यात सुट्या भागांच्या उन्नीस-बिसाचं अंतर राहतंच. (ही चाचणी घरी करायची तर दोन्ही अँपची ‘मायनस’ टोकं ग्राउंडलाच जोडलेली आहेत याची आधी खात्री हवी. आजच्या कित्येक अँपमध्ये ती तशी नसतात आणि मग अँप जळू शकतो.)

आता बदल नेमके कोणते? गाणी ऐकण्याच्या अँपपुरतं बोलायचं तर माझ्या मते सगळ्यांत मोठा वाटा आउटपुट इम्पीडन्सचा, म्हणजे अँपच्या बाहेर पडण्याच्या टोकाशी असलेल्या त्याच्या स्वतःच्या विद्युत रोधाचा आहे, आणि त्याच्याबद्दलच सगळ्यांत कमी बोललं जातं.

स्पीकरवर ‘8 ओम’ असं छापलेलं असतं, पण तो आकडा ढोबळ असतो. प्रत्यक्षात स्पीकरचा इम्पीडन्स वारंवारतेनुसार सतत चढउतार करतो. कुठे तो 6 ओमपर्यंत उतरतो, तर खालच्या पट्टीत जिथे शंकूचा स्वतःचा अनुनाद असतो तिथे 30 ओम किंवा त्याहूनही वर जातो. चांगल्या ट्रान्झिस्टर अँपचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स 0.1 ओमच्याही खाली असतो. त्यामुळे स्पीकरने कितीही चढउतार केले तरी व्होल्टेज ढळत नाही. ट्यूब अँपमध्ये मात्र आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो, फीडबॅक (बाहेरचा सिग्नल आतल्याशी ताडून चूक सुधारण्याची व्यवस्था) कमी असतो आणि इम्पीडन्स सहज 1 ते 3 ओम भरतो.

साधं गणित करून पाहू. अँपचा इम्पीडन्स 2 ओम धरला तर स्पीकर जिथे 6 ओम आहे तिथे त्याच्या वाट्याला आठातले सहा भाग, म्हणजे 75 टक्के व्होल्टेज येतं. जिथे तो 30 ओम आहे तिथे बत्तिसातले तीस, म्हणजे जवळपास 94 टक्के. या दोहोंत सुमारे 2 डेसिबलचा फरक पडतो. याचा अर्थ स्पीकरच्या इम्पीडन्सचा जो आलेख असतो, त्याची फिकट छाप आवाजावर उमटते. खालची पट्टी थोडी फुगते, मधल्या आणि वरच्या पट्टीत जिथे इम्पीडन्स चढतो तिथला आवाज जरा पुढे येतो. शिवाय शंकूच्या हालचालीवरचा विजेचा लगामही सैल होतो. शंकू हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीचा, म्हणजे व्हॉइस कॉइलचा, स्वतःचा रोध साधारण 6 ओम असतो. त्यात अँपचे 2 ओम मिळवले की एकूण रोध एक तृतीयांशाने वाढतो आणि त्याच प्रमाणात हा लगाम ढिला पडतो. ‘भरदार’ या शब्दामागे बऱ्याचदा हेच असतं.

म्हणून पहिला प्रयोग अगदी साधा आहे. ट्रान्झिस्टर अँप आणि स्पीकर यांच्यामध्ये, प्रत्येक चॅनेलच्या प्लस तारेत, 1 ओमचा वायरवाउंड रेझिस्टर जोडायचा. वर हिशेब केलेल्या स्पीकरवर त्याने सुमारे 1 डेसिबलचा चढउतार येईल, 2 ओमने 2 डेसिबलचा. रेझिस्टर 20 वॅटचा घ्यावा. 50 वॅटचा अँप पूर्ण ताकदीने 8 ओमवर चालवला तर रेझिस्टरमध्ये जवळजवळ 5 वॅट उष्णता निघते आणि लहान रेझिस्टर हात लावता येणार नाही इतका तापतो. तो गालिचा, पडदा, लाकूड यांपासून लांब, हवेशीर जागी बसवावा. अँपला यात कसलाही धोका नाही, उलट त्याच्यावरचा भार किंचित हलकाच होतो. ज्या स्पीकरचा इम्पीडन्स मुळातच सपाट आहे त्याच्यावर मात्र या रेझिस्टरने आवाज थोडा लहान होण्यापलीकडे फारसं काही घडणार नाही. हे ऐकून निराश होऊ नये. तशा स्पीकरवर ट्यूब अँपही आपला हा रंग दाखवू शकला नसता.

सर्किटची समज असणाऱ्यांसाठी वीज न जाळणारा मार्गही आहे. स्पीकरच्या परतीच्या तारेत 0.1 ते 0.2 ओमचा छोटा रेझिस्टर टाकायचा आणि त्याच्यावर पडणारं व्होल्टेज अँपच्या फीडबॅकमध्ये मिसळायचं. आता अँप व्होल्टेजबरोबर करंटवरही लक्ष ठेवतो आणि त्याचा आउटपुट इम्पीडन्स हवा तेवढा वाढवता येतो. गिटारच्या अनेक ट्रान्झिस्टर अँपमध्ये ही युक्ती वर्षानुवर्षं वापरात आहे. गिटारच्या स्पीकरचा अनुनाद दणदणीत असतो आणि त्याला मोकळं सोडल्याशिवाय तो ओळखीचा गुंजारव येतच नाही.

दुसरा भाग हार्मोनिकचा. समजा, अँपमध्ये 200 हर्ट्झचा एक शुद्ध स्वर दिला. कुठलाही अँप त्यात स्वतःची थोडी भर घालतो: 400, 600, 800 असे पटीतले स्वर. 200 ला षड्ज मानलं तर 400 हा तार षड्ज, 600 हा त्याच्या वरचा पंचम, 1000 हा गंधार. हे सगळे मूळ स्वरात विरघळतात. 1400 हर्ट्झचा सातवा हार्मोनिक मात्र कोमल निषादाच्याही जरा खाली पडतो, सरगमात नीट कुठेच बसत नाही. शिवाय मोठ्या स्वराच्या शेजारचे बारीक स्वर कानाला ऐकू येत नाहीत, दूरचे येतात. दुसरा हार्मोनिक मूळ स्वराच्या सावलीत लपतो, दहावा उघडा पडतो. बीबीसीच्या डी. ई. एल. शॉर्टर यांनी 1950 मध्येच सुचवलं होतं की विरूपण (अशी भर पडून सिग्नलचं होणारं बिघडणं, डिस्टॉर्शन) मोजताना प्रत्येक हार्मोनिकला त्याच्या क्रमांकाच्या वर्गाच्या चौथ्या भागाइतकं वजन द्यावं. म्हणजे दुसऱ्याला 1, चौथ्याला 4, दहाव्याला 25. जाहिरातीतल्या ‘एकूण विरूपण 0.01 टक्का’ या आकड्यात हे वजन कुठेच नसतं. म्हणूनच 1 टक्का विरूपणाचा एखादा ट्यूब अँप कानाला गोड लागतो आणि त्याच्यापेक्षा शंभरपट ‘शुद्ध’ अँप रुक्ष वाटू शकतो.

इथे एक बारकावा आहे. ट्यूबचा वक्र, म्हणजे आत किती सिग्नल गेला की बाहेर किती येतो याचा आलेख, हळुवार वाकलेला असतो. अशा वक्रातून मुख्यतः दुसरा हार्मोनिक निघतो आणि आवाज निम्मा केला की त्याची टक्केवारीही निम्मी होते: 1 वरून 0.5, 0.5 वरून 0.25. हळू आवाजात तो जवळपास नाहीसाच होतो. ट्रान्झिस्टरच्या अँपमध्ये बहुधा उलटं होतं. सिग्नलचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर सांभाळतो, खालचा अर्धा दुसरा. एकाकडून दुसऱ्याकडे काम जाताना, नेमकं शून्यापाशी, बारीकसा खटका बसतो. सिग्नल जितका लहान, तितका त्यात या खटक्याचा हिस्सा मोठा. आणि त्यातून निघतात ते वरच्या क्रमांकाचे, कानाला टोचणारे हार्मोनिक. घरात आपण बहुतेक वेळ एखाद्या वॅटवरच गाणं ऐकत असतो, त्यामुळे ही जागा सगळ्यांत नाजूक. जुन्या अँपचा बायस (सिग्नल नसतानाही ट्रान्झिस्टरमधून वाहता ठेवलेला करंट) ढळलेला असेल तर तो उत्पादकाने सांगितलेल्या आकड्यावर आणणं ही फार मोठी सुधारणा ठरते. पुढची पायरी म्हणजे क्लास ए, जिथे हे हस्तांतरच होत नाही. त्याची किंमत मात्र उष्णतेत मोजावी लागते.

मग दुसरा हार्मोनिक मुद्दाम मिसळायचा असेल तर? जेएफईटी हा ट्रान्झिस्टर त्यासाठी उत्तम आहे. त्याचा करंट व्होल्टेजच्या वर्गानुसार बदलतो, आणि साइन लहरीचा वर्ग केला की गणिताच्या नियमानेच दुप्पट वारंवारता बाहेर पडते. त्याच्या ‘सोर्स’ या टोकाला योग्य मापाचा रेझिस्टर लावला तर त्याचा वक्र ट्रायोड (तीन इलेक्ट्रोडच्या साध्या) ट्यूबच्या दीड घाताच्या वक्राजवळ नेता येतो. अशी एकच पायरी, फीडबॅकशिवाय, पॉवर अँपच्या आधी ठेवली तर मूळ अँपला हात न लावता रंग चढतो. पण या गोडव्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. जो वक्र हार्मोनिक देतो तोच दोन स्वरांची बेरीज-वजाबाकीही करतो. 200 आणि 250 हर्ट्झ एकत्र वाजले की 450 आणि 50 आपोआप तयार होतात. एकटा गळा किंवा एकटी बासरी असेल तर हे खपून जातं, शोभूनही दिसतं. पन्नास वाद्यांचा वाद्यवृंद असेल तर अशा शेकडो बेरजा-वजाबाक्यांचा गढूळपणा साचतो. मला स्वतःला अर्ध्या टक्क्याच्या पुढे जावंसं वाटत नाही.

आणि प्रत्येक ट्यूब अँप दुसऱ्या हार्मोनिकवरच चालतो असंही नाही. दोन ट्यूब आलटून-पालटून ओढणाऱ्या पुश-पुल रचनेत दुसरा, चौथा असे सम हार्मोनिक एकमेकांना खोडून काढतात. तरीही तसे अँप ‘ट्यूबसारखेच’ वाजतात. इम्पीडन्सला मी पहिली जागा दिली ती म्हणूनच.

गिटारवाल्यांचा प्रश्न वेगळा, कारण त्यांना अँपचा आवाज ताणून फाटलेलाच हवा असतो. प्रश्न फक्त कसा फाटतो याचा. ट्रान्झिस्टर अँपमध्ये भरपूर निगेटिव्ह फीडबॅक असतो, म्हणजे बाहेर पडलेला सिग्नल आत आलेल्या सिग्नलशी सतत ताडून पाहत चूक सुधारण्याची व्यवस्था. हॅरॉल्ड ब्लॅकला ही कल्पना 1927 मध्ये हडसन नदीवरच्या फेरीबोटीत सुचली आणि हातातल्या वर्तमानपत्रावरच त्याने ती टिपून ठेवली. पण पुरवठ्याचं व्होल्टेज संपलं की सुधारायला काही उरत नाही. तिथपर्यंत सिग्नल निर्मळ असतो आणि मग लहरीचा माथा एकदम सुरीने कापल्यासारखा सपाट होतो. कमी फीडबॅकच्या ट्यूब अँपमध्ये तो माथा आधीपासूनच गोलावत जातो. रसेल हॅम या ध्वनी अभियंत्याने 1973 मध्ये मायक्रोफोनच्या प्रीअँपवर ताण देऊन केलेली तुलना प्रसिद्ध आहे. फाटताना ट्रायोडमध्ये दुसरा हार्मोनिक वरचढ असतो, ट्रान्झिस्टरमध्ये तिसरा, असा त्याचा निष्कर्ष होता.

हे गोलावणं साध्या सिलिकॉन डायोडने साधता येतं. ऑप-अँप या सिग्नल वाढवणाऱ्या छोट्या चिपच्या फीडबॅकमध्ये दोन डायोड उलटसुलट जोडले की साधारण 0.6 व्होल्टपाशी ते हळूहळू वाहू लागतात आणि माथ्याची वाढ मंदावते, पण थांबत नाही. आयबानेझच्या ‘ट्यूब स्क्रीमर’ या गिटारच्या प्रसिद्ध पेडलचं मर्म एवढंच आहे. एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन डायोड लावले तर लहर एकांगी होते आणि सम हार्मोनिकही येतात. ऐकण्याच्या अँपमध्येही हा विचार आला होता: 1978 च्या एनएडी 3020 मध्ये ‘सॉफ्ट क्लिपिंग’चा स्विच होता, आणि 20 वॅटचा तो लहानसा अँप आपल्या ताकदीपेक्षा मोठा वाजतो अशी त्याची ख्याती झाली.

प्रीअँपमध्ये एक चमकती ट्यूब बसवलेले ‘हायब्रिड’ अँप खूप दिसतात. कॉर्ग आणि नोरिताके यांनी 2015 मध्ये डिस्प्लेच्या तंत्रातून बनवलेली ‘न्यूट्यूब’ ही चपटी ट्रायोडही त्याच कामाला येते. यातून हार्मोनिकचा रंग जरूर मिळतो. पण पॉवर अँप ट्रान्झिस्टरचाच आणि त्याचा इम्पीडन्स शून्याजवळच असेल, तर स्पीकरशी होणारा खेळ ट्रान्झिस्टर अँपसारखाच राहतो.

यातला कुठलाही बदल ऐकून पारखताना दोन्ही आवाजांची पातळी आधी जुळवावी. 1 ओमचा रेझिस्टर 8 ओमच्या स्पीकरवर सुमारे 1 डेसिबल खातो, आणि तेवढ्या फरकानेही मोठा वाजणारा अँप चांगला वाटू लागतो. 300 ते 400 हर्ट्झचा एक स्थिर स्वर लावा. साधे मल्टिमीटर साधारण या पट्टीपर्यंतच भरवशाचे असतात. स्पीकरच्या टोकांवरचं एसी व्होल्टेज मोजा, रेझिस्टर जोडल्यावर तेच व्होल्टेज एका टक्क्याच्या आत येईपर्यंत आवाज वाढवा, आणि रेझिस्टर आता सर्किटमध्ये आहे की नाही हे ऐकणाऱ्याला न सांगता दुसऱ्या कुणाला तरी बदलायला लावा.