पहिली पेपरबॅक आणि मुळातच पेपरबॅक

‘फर्स्ट प्रिंटिंग, डिसेंबर १९४८.’ अमेरिकन रहस्यकथाकार मिकी स्पिलेनच्या ‘आय, द ज्युरी’ या कादंबरीच्या, सिग्नेट या पेपरबॅक प्रकाशकाने काढलेल्या प्रतीत कॉपीराइटच्या पानावर ही ओळ असते. काही वर्षांपूर्वी मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर अशी एक प्रत माझ्या हाती लागली. विक्रेत्याने त्या ओळीवर बोट ठेवून ‘फर्स्ट एडिशन आहे साहेब’ म्हटलं आणि मी घासाघीस न करता पैसे मोजले. घरी येऊन पान नीट वाचलं तर तिथेच डटन या प्रकाशकाचं नाव आणि १९४७ साल होतं. म्हणजे कादंबरी आदल्याच वर्षी पुठ्ठा बांधणीत येऊन गेली होती. मी घेतली ती तिची पहिली पेपरबॅक होती. पहिली आवृत्ती मुळीच नाही.

सिग्नेटने खोटं काही छापलेलं नाही. त्यांच्याकडचं ते खरोखरच पहिलं मुद्रण. पण ‘आमच्याकडचं पहिलं’ आणि ‘जगातलं पहिलं’ यांतला फरक जुन्या अमेरिकन पेपरबॅक जमवणाऱ्या निम्म्या लोकांच्या डोक्यात नसतो. विकणाऱ्यांच्या डोक्यात तर त्याहून कमी. त्यामुळे दोन निराळ्या वस्तू एकाच नावाने आणि कधीकधी एकाच भावाने फिरत राहतात.

यातली पहिली वस्तू म्हणजे रीप्रिंट. ती तुमच्या ओळखीची आहे. आपल्याकडे पुठ्ठ्याच्या पुस्तकाची जनआवृत्ती निघते, तसाच हा प्रकार. १९३९ साली पॉकेट बुक्सने २५ सेंटांत खिशात मावणारी पुस्तकं काढली. मग एव्हन, पॉप्युलर लायब्ररी, डेल, १९४५ मध्ये बँटम आणि १९४८ मध्ये सिग्नेट आले. या सगळ्यांचा मुख्य धंदा एकच होता : आधी गाजलेलं पुस्तक हक्क घेऊन स्वस्तात छापायचं. औषधांच्या दुकानात नि स्टेशनवर तारेच्या स्टँडवर लावायचं, म्हणून कव्हर भडक.

दुसरी वस्तू म्हणजे पेपरबॅक ओरिजिनल. ही संहिता पुस्तक म्हणून जन्मालाच पेपरबॅकमध्ये येते. तिच्या आधी पुठ्ठा बांधणी नसते आणि पुष्कळदा नंतरही नसते. बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार किंवा काळा पहाडच्या कथा हातात घेतल्यावर ‘याची मूळ जाड आवृत्ती कुठे मिळेल?’ असं आपण विचारत नाही. अमेरिकन पेपरबॅकच्या बाबतीत मात्र हा प्रश्न प्रत्येक पुस्तकामागे विचारावा लागतो, कारण दोन्ही प्रकार त्याच आकाराचे, त्याच किमतीचे, आणि कधीकधी कव्हरही त्याच चित्रकाराचं.

हा प्रकार रुजला तो एका करारातल्या अटीमुळे. फॉसेट ही मासिकं काढणारी आणि वितरण करणारी कंपनी. सिग्नेटची पुस्तकं दुकानांपर्यंत पोचवायचं काम तिच्याकडे होतं, आणि करारानुसार तिला स्वतः रीप्रिंट काढून सिग्नेटशी स्पर्धा करायला मनाई होती. पण कुठेही पुस्तकरूपाने न आलेलं लेखन छापायला या अटीची आडकाठी नव्हती. फॉसेटने १९४९ मध्ये चाचपणी केली आणि १९५० पासून गोल्ड मेडल या नावाने कादंबऱ्यांची रांग लावली. पैशांचा हिशेबही निराळा ठेवला. रीप्रिंटमध्ये पेपरबॅकच्या रॉयल्टीतला निम्मा वाटा सहसा मूळ प्रकाशक घेई. गोल्ड मेडल लेखकाला थेट पैसे देई, आणि तेही विकलेल्या प्रतींवर नाही, छापलेल्या प्रतींवर. जॉन डी. मॅक्डोनल्डची पहिली कादंबरी १९५० मध्ये तिथेच आली. डेव्हिड गुडिसची ‘डार्क पॅसेज’ १९४६ मध्ये पुठ्ठ्यात निघाली होती, पण १९५१ ची ‘कॅसिडीज गर्ल’ थेट गोल्ड मेडलमध्ये. एकाच लेखकाच्या दोन जुन्या पेपरबॅक शेजारी ठेवल्या, तर एक रीप्रिंट आणि एक मूळ निघते ती अशी.

हा फरक सर्वांत स्पष्ट दिसतो तो एस या प्रकाशकाच्या एस डबल क्रमांक डी-१५ मध्ये. १९५३ चं पुस्तक, किंमत ३५ सेंट. एस डबल म्हणजे एकाच बांधणीत दोन पुस्तकं, एकमेकांना उलटी. एक वाचून झालं की पुस्तक डोक्यावर उभं करायचं, की दुसऱ्याचं कव्हर समोर. डी-१५ च्या एका बाजूला विल्यम ली या नावाने ‘जंकी’. हा विल्यम ली म्हणजे विल्यम बरोज, आणि हे त्याचं पहिलंच प्रसिद्ध झालेलं पुस्तक. उलटं केलं की मॉरिस हेलब्रँटचं ‘नार्कॉटिक एजंट’, जे १९४१ मध्येच पुठ्ठा बांधणीत आलं होतं. कागद तोच, साल तेच आणि किंमतही एकच. तरी एक बाजू पेपरबॅक ओरिजिनल आणि दुसरी रीप्रिंट. लोक या प्रतीसाठी जीव टाकतात तो पहिल्या बाजूसाठी, आणि तिची पुठ्ठ्यातली ‘खरी’ पहिली आवृत्ती शोधायला गेलात तर ती नाहीच. हीच ती.

म्हणून प्रत हातात आली की दोन प्रश्न विचारायचे, आणि ते एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत. ही संहिता याआधी पुस्तक म्हणून आली होती का? आणि ही प्रत या प्रकाशकाच्या कितव्या मुद्रणातली? ‘फर्स्ट प्रिंटिंग’ ही ओळ फक्त दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते, तेही अर्धवट. पुढच्या मुद्रणांतही ती ओळ पुष्कळदा तशीच राहते आणि खाली नव्या ओळी जोडल्या जातात. मराठी पुस्तकात आवृत्त्यांची यादी आपण शेवटपर्यंत वाचतो, तसंच इथेही तळापर्यंत वाचायचं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर इतर खुणांत असतं. ‘अमुक प्रकाशकाशी झालेल्या व्यवस्थेने’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसली, की रीप्रिंट. कव्हरवर ‘कम्प्लीट अँड अनअब्रिज्ड’ असेल तरी बहुधा तेच, कारण पूर्ण संहितेची हमी द्यायची वेळ आधी कुठेतरी ती छापलेली असली की येते. गोल्ड मेडलवाले उलट ‘नॉट अ रीप्रिंट’ असं अभिमानाने कव्हरवर छापत.

शीर्षकावर विसंबू नका. कर्ट व्हॉनेगटची ‘प्लेयर पियानो’ १९५२ मध्ये पुठ्ठ्यात आली आणि १९५४ मध्ये बँटमने ती ‘युटोपिया १४’ या नावाने काढली. नवं नाव बघून तिला पेपरबॅक ओरिजिनल म्हणणारे लोक मला आजही भेटतात. त्याच लेखकाची ‘द सायरन्स ऑफ टायटन’ मात्र १९५९ मध्ये डेलच्या पेपरबॅकमध्येच जन्मली आणि पुठ्ठ्याची आवृत्ती १९६१ मध्ये मागून आली. जाड पुस्तक म्हणजे आधीचं, हा समज इथे साफ कोसळतो. ‘मदर नाइट’मध्ये आणखी एक गाठ आहे : कॉपीराइटचं साल १९६१, गोल्ड मेडलची पेपरबॅक प्रत्यक्षात १९६२ ची, पुठ्ठा १९६६ मध्ये. कॉपीराइटचं साल म्हणजे छपाईचं साल नाही, हे मी सांगून थकलो.

आणि माझा सर्वांत मोठा राग आहे तो ‘डेल फर्स्ट एडिशन’ या शब्दांवर. १९५३ मध्ये डेलने आपल्या नव्याकोऱ्या पुस्तकांची वेगळी मालिका सुरू केली आणि तिचं नावच ‘फर्स्ट एडिशन’ ठेवलं. हे मालिकेचं नाव आहे. पुस्तक पहिल्यांदा इथे आलं एवढंच ते सांगतं, तुमच्या हातातली प्रत कितव्या मुद्रणातली आहे ते सांगत नाही. कव्हरवरचे दोन शब्द वाचून किंमत ठरवणाऱ्याने आधी आतलं पान उघडावं.

बॅलंटाइनची पुस्तकं या दोन्ही खणांत नीट बसत नाहीत. १९५२ पासून त्यांनी पुठ्ठा आणि पेपरबॅक एकाच वेळी काढायचा प्रयोग केला. रे ब्रॅडबरीची १९५३ ची ‘फॅरनहाइट ४५१’ अशीच दोन्ही रूपांत आली. अशा वेळी ३५ सेंटांच्या प्रतीला रीप्रिंट म्हणणं अन्यायाचं आहे. मी तिला बिनदिक्कत पहिल्या आवृत्तीत धरतो.

‘पल्प’ या शब्दाबद्दल थोडक्यात. पल्प म्हणजे मुळात स्वस्त, खरखरीत कागदावरची कथामासिकं, पेपरबॅकपेक्षा बरीच मोठ्या आकाराची. ‘ब्लॅक मास्क’ १९२० मध्ये सुरू होऊन १९५१ मध्ये बंद पडलं, ते त्यातलं. पुढे तोच कागद, तोच बाज आणि कितीतरी तेच लेखक पेपरबॅकमध्ये आले म्हणून नावही चिकटलं. दोन्ही शेजारी ठेवली की फरक दिसतो.

माझी आवड सांगायची तर कणा वाकलेला, कोपरे गेलेला पेपरबॅक ओरिजिनल मी चकचकीत रीप्रिंटच्या आधी उचलेन. त्या प्रतीआधी ती कादंबरी पुस्तक म्हणून कुणीच वाचलेली नव्हती, आणि हे मला पान उलटताना जाणवतं. याला अपवाद डेलच्या नकाशावाल्या प्रती. मागच्या कव्हरवर खुनाच्या घराचा किंवा गावाचा रंगीत नकाशा असतो, आणि त्या बहुतेक रीप्रिंट असूनही मी सोडत नाही.

मात्र प्रत कुठलीही असो, कॉपीराइटचं पान शाबूत हवं. हा आम्लधर्मी कागद मुंबईच्या दमटपणात लवकर तपकिरी पडतो, नंतर कोपरा बिस्किटासारखा तुटतो, आणि सुटणारी पानं बहुधा पहिलीच असतात. त्यांना सेलोटेप लावू नका. डाग कायमचा बसतो, तोही नेमका त्या ओळींवर. पावसाळ्यात मी प्रती भिंतीपासून दूर, उभ्या आणि सैल ठेवतो, म्हणजे कणा पिळत नाही.

ती सिग्नेटची ‘आय, द ज्युरी’ अजून माझ्याकडे आहे. विकायचा विचार केला नाही, पण तिच्यात पेन्सिलीने लिहिलेली एक चिठ्ठी घालून ठेवली आहे : ‘मूळ, डटन, १९४७. ही पहिली पेपरबॅक.’