अर्धा पंखा पाण्याबाहेर

वर्सोव्याला ओहोटीच्या वेळी चिखलात टेकलेल्या ट्रॉलरच्या मागे जाऊन वाकून बघा. सुकाणूच्या पुढे पितळी पंखा दिसेल. पाती रुंद, पीळ कमी, कडेला शंख-कालवं चिकटलेली, आणि टोकांजवळ धातूला बारीक बारीक खड्डे. रिमोटवर चालणाऱ्या टनेल बोटीच्या (दोन पोटं आणि मधे हवेचा बोगदा असलेल्या शर्यतीच्या बोटीच्या) मॉडेलवर मी जो पंखा लावतो, तो जेमतेम ४२ मिलिमीटरचा आहे. त्याला दोनच पाती, तीही अरुंद, आणि कड इतकी धारदार की हाताचं बोट कापेल. दोघांनाही आपण पंखाच म्हणतो. पण ट्रॉलरचा पंखा पूर्ण पाण्यात राहून जाळं ओढतो आणि मॉडेलचा पंखा अर्धा हवेत फिरून बोट पळवतो. हा फरक कसा पडत गेला ते ठाऊक नसेल, तर पाकिटावरचे आकडे पाहून पंखा निवडणं हा नुसता अंदाज ठरतो.

मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही वाफेची बोट १८३० साली इथून सुएझला गेली, ती दोन्ही बाजूंच्या, पाणी मागे लोटणाऱ्या चाकांवर. तोवर वाफेच्या बोटी चाकांवरच चालत. १८३६ साली इंग्लंडमध्ये फ्रान्सिस पेटिट स्मिथने मळसूत्री पंख्याचं पेटंट घेतलं. त्याचा पंखा लाकडी होता, बाटली उघडायच्या स्क्रूसारखा दोन वेढ्यांचा. पुढच्या वर्षी कालव्यात चाचणी चालू असताना तो आपटून अर्धा तुटला आणि बोट एकदम वेगात पळू लागली! लांबलचक पिळाची गरजच नाही, आखूड पाती पुरतात, हे त्या मोडतोडीने दाखवून दिलं. १८४५ मध्ये ब्रिटिश नौदलाने पंख्याची ‘रॅटलर’ आणि चाकांची ‘अलेक्टो’ पाठीला पाठ लावून एकमेकींना बांधल्या. ‘रॅटलर’ने ‘अलेक्टो’ला उलटं ओढत नेलं आणि चाकांचा जमाना ओसरू लागला.

खरी अडचण पुढे आली, वेग वाढल्यावर. चार्ल्स पार्सन्सने १८९४ साली टर्बाइनवर चालणारी ‘टर्बिनिया’ पाण्यात उतरवली. ताकद भरपूर असूनही बोट अपेक्षेइतकी पळेना. पंखा फार जोरात फिरला की पात्याच्या मागच्या अंगाला दाब इतका उतरतो, की थंड पाण्याचीही वाफ होते. पाणी ढकलायचं सोडून पंखा वाफेच्या पोकळीत फिरत राहतो, आणि ते बुडबुडे पात्यावर फुटले की धातूला खड्डे पडतात. यालाच कॅव्हिटेशन म्हणतात. पार्सन्सने तीन शाफ्टवर तीन-तीन असे नऊ पंखे लावून भार वाटून दिला, आणि १८९७ साली त्याची बोट ३४ नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे ६३ किलोमीटरच्या पुढे गेली.

शर्यतवाल्यांनी मात्र वेगळीच वाट धरली. पोकळी होणारच असेल, तर ती वाफेने भरण्याऐवजी हवेने भरू द्यायची, म्हणजे पंखा अर्धा पाण्याबाहेरच ठेवायचा. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अल्बर्ट हिकमनच्या ‘सी स्लेड’ बोटींनी असे पंखे वापरले. त्या बोटीचं पोटही उलट्या ‘व्ही’सारखं आत घेतलेलं होतं, आजच्या टनेल बोटीची ती आजी म्हणायला हरकत नाही. २६ जून १९५० रोजी सिएटलच्या लेक वॉशिंग्टनवर ‘स्लो-मो-शन ४’ने ताशी सुमारे २५८ किलोमीटरचा विक्रम केला, तोही अर्ध्या बुडालेल्या पंख्यावर. तेव्हापासून या कल्पनेबद्दल कुणाला शंका उरली नाही.

आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून टांगायचं इंजिन बाजारात रुळवलं ओले एव्हिनरूडने, १९०९ च्या सुमारास. इटलीत अँजेलो मोलिनारीने दोन पोटांमधल्या बोगद्यात हवा कोंडून बोट उचलायचं तंत्र घोटवलं आणि त्याचा मुलगा रेनाटो १९८१ साली पॉवरबोटींच्या फॉर्म्युला वनचा पहिला जगज्जेता झाला. आपल्याकडे मरीन ड्राइव्हला मार्च २०१७ मध्ये पॉवरबोटींची शर्यत झाली, पण त्या एकाच पोटाच्या बोटी. खऱ्या टनेल बोटी भारतात २०१८ साली अमरावतीला कृष्णेच्या पात्रात धावल्या.

मॉडेलच्या जगात पंख्यांना आकड्यांची शिस्त लावण्याचं मोठं श्रेय अमेरिकेतल्या ऑक्टुरा कंपनीला आहे. ‘एक्स ४४२’ यातला पहिला ४ म्हणजे पिच (एका फेऱ्यात पंखा जेवढा पुढे सरकेल ते अंतर) व्यासाच्या १.४ पट, आणि ४२ म्हणजे व्यास मिलिमीटरमध्ये. म्हणजे एका फेऱ्यात पंखा कागदावर ५८.८ मिलिमीटर पुढे सरकतो. मिनिटाला २०,००० फेरे धरले तर ताशी सुमारे ७० किलोमीटर. पाण्यात घसर होते, म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी.

या हिशेबाचं मोल मला मनोरीच्या खाडीत कळलं. वेग कमी वाटला म्हणून मी ४२ काढून ४७ चा पंखा बसवला. पाचच मिलिमीटरचा तर फरक! पण पिचचं प्रमाण आणि फेरे तेच ठेवले, तर भार ढोबळमानाने व्यासाच्या पाचव्या घाताने वाढतो, म्हणजे इथे जवळजवळ पावणेदोन पट. दुसऱ्याच वळणावर मोटरचा वेग सांभाळणाऱ्या स्पीड कंट्रोलरमधून धूर निघाला. त्यातच अर्धा बुडालेला पंखा बोटीच्या शेपटीला एका बाजूला ओढतोच. व्यास वाढवला तसा हा ओढाही वाढला आणि बोट सरळ रेषेतसुद्धा तिरकी धावत होती. तेव्हापासून नवीन बोटीला मी आधी लहान पंखा लावतो, एक फेरी मारून मोटर किती तापली ते हात लावून बघतो, आणि मगच एक-एक पायरी वर जातो. आउटबोर्डची उंचीही त्याच वेळी बघावी लागते. पंखा वर घेतला की भार उतरतो, फार वर घेतला की वळणावर पकड सुटते.

शिवाय हे पंखे येतात ते ओतीव, जाड कडांचे. पुढची कड पातळ करायची आणि मागची जाड ठेवायची. पात्याच्या मागे हवेची पोकळी नीट धरते ती या पाचरीमुळे. धातू बेरिलियम कॉपर असतो आणि त्याची कोरडी धूळ फुप्फुसांना फार घातक, म्हणून पॉलिश पेपर पाण्याखालीच चालवायचा आणि तोंडाला मास्क बांधायचा. मग पंखा बारीक सळईवर आडवा टांगायचा. जे पातं खाली जाईल त्याची पाठ दोन-चार हात घासायची आणि पुन्हा टांगून बघायचं. कुठल्याही कोनात सोडला तरी पंखा जागचा हलेनासा व्हायला माझ्या हाताला संध्याकाळचे दोन तास लागतात.