अंतराळातला पेन आणि रशियाची पेन्सिल: खरं काय?

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा पुन्हा तोच मेसेज आला: 'अंतराळात चालणारा पेन बनवायला नासानं कोट्यवधी डॉलर उधळले, रशियानं साधी पेन्सिल वापरली.' वर्षानुवर्षं फिरतोय. खरा नाही.

पेन नासानं बनवलाच नाही. पॉल फिशर या अमेरिकन पेन उत्पादकानं तो स्वतःच्या पैशानं तयार केला. रिफिलमधला दाबाखालचा नायट्रोजन शाई पुढे ढकलतो. नासानं चाचण्या घेऊन सुमारे ४०० पेन विकत घेतले, तेही काही डॉलरला एक. १९६८ साली ते अपोलो ७ मधून गेले. त्याआधी अमेरिकन अंतराळवीरही पेन्सिलच वापरायचे! नासावर टीका झाली ती १९६५ मध्ये, ३४ पेन्सिलींना प्रत्येकी १२८.८९ डॉलर मोजले म्हणून.

मग पेन्सिल का सोडली? लेकीला दाखवायला मी अप्पा बळवंत चौकातून आणलेली पेन्सिल दोन्हीकडून तासली, एका टोकाला ९ व्होल्टची बॅटरी, दुसऱ्या टोकाला एलईडी, मध्ये वायरी. दिवा लागला. पेन्सिलीच्या शिशात ग्रॅफाइट असतं, त्यातून वीज वाहते. तुटलेलं टोक यानात तरंगत एखाद्या सर्किटमध्ये शिरलं तर? शिवाय लाकूड पेटतं, आणि जानेवारी १९६७ मध्ये अपोलो १ च्या आगीत तीन अंतराळवीर गेले होते.

आणि रशिया? चंद्रावर आधी कोण पोहोचतं याची चुरस ऐन भरात असताना, १९६९ मध्ये सोव्हिएत संघानं याच फिशरकडून १०० पेन आणि १००० रिफिल घेतल्या.