दिनमान मोजणारा मेंदू

विणीचा हंगाम म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर घरटी, अंडी आणि चोची वासून बसलेली पिल्लं येतात. पण पक्ष्याच्या शरीरात तो हंगाम त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो. पिल्लांना भरपूर अळ्या मिळाव्यात अशा बेताने ती अंड्यातून बाहेर यायची, तर त्याआधी उबवणी व्हायला हवी, त्याआधी अंडी, त्याआधी घरटं, त्याआधी जोडी; आणि या सगळ्याच्या आधी वृषणं आणि अंडाशय वाढायला हवेत. ही वाढ काही किरकोळ नाही. हिवाळ्यात नर चिमणीची वृषणं मोहरीच्या दाण्याएवढी असतात, विणीच्या काळात ती वाटाण्याएवढी होतात. वजनाचा हिशेब केला तर शेकडो पट. उडणाऱ्या जिवाला एवढा भार वर्षभर वागवणं परवडत नाही, म्हणून दर वर्षी तो घडवायचा आणि मोडायचा.

ही तयारी सुरू होते तेव्हा झाडांना पालवी नसते, अळ्यांचा पत्ता नसतो. माशांचंही तेच. मादीच्या पोटात गाबोळी भरायला काही महिने लागतात आणि नदीला पूर येतो एका रात्रीत. पूर दिसल्यावर तयारीला लागणारा मासा त्या वर्षी हुकलाच म्हणायचा. तेव्हा प्रश्न असा, की जे अजून आलेलंच नाही त्याची वेळ या जिवांना कळते कशी?

थंडी-ऊन लहरी असतं. एखादा हिवाळा लवकर सरतो, एखादा लांबतो. दरवर्षी चुकत नाही ते फक्त दिनमान, म्हणजे सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतचा वेळ. एका ठिकाणी एका तारखेला तो यंदा जेवढा, तेवढाच पुढच्या वर्षी. पक्षी हाच धागा पकडतात हे दाखवलं विल्यम रोवन यांनी. कॅनडातल्या एडमंटनमध्ये १९२४ च्या शरद ऋतूत त्यांनी जंको नावाचे छोटे पक्षी उघड्यावरच्या पिंजऱ्यात ठेवले आणि विजेचे दिवे लावून त्यांचा दिवस रोज थोडाथोडा लांबवत नेला. बाहेर पारा शून्याच्या खूप खाली, सगळीकडे बर्फ, आणि ऐन हिवाळ्यात त्या पक्ष्यांची वृषणं वसंतातल्यासारखी वाढली. थंडीने काही अडलं नाही. दिवस लांबला, एवढं त्यांना पुरलं.

मग हा उजेड पाहतं कोण? डोळे, असं कोणीही सांगेल. पण फ्रान्समध्ये जाक बेनॉ यांनी १९३० च्या दशकात बदकांवर काम करताना क्वार्ट्झच्या कांडीतून थेट मेंदूच्या तळाशी, संप्रेरकांचा कारभार पाहणाऱ्या हायपोथॅलॅमस या भागाजवळ, उजेड पोचवला आणि वृषणं वाढली. १९७० मध्ये मायकेल मेनाकर आणि सहकाऱ्यांनी घरचिमण्यांवर फार साधा प्रयोग केला. काही चिमण्यांच्या डोक्यावरची पिसं उपटली, म्हणजे कवटीतून जास्त उजेड आत जाईल. काहींच्या डोक्याच्या कातडीखाली काळी शाई टोचली, म्हणजे तो अडेल. मग दोन्ही गटांना मंद उजेडात लांब दिवस दाखवला. पिसं उपटलेल्यांची वृषणं वाढली. शाईवाल्यांची वाढली नाहीत, आणि त्यांचे डोळे तर धडधाकट होते! पक्ष्याचं पंचांग डोळ्यांवर चालत नाही. पातळ कातडी, पातळ कवटी आणि मेंदूचा गर यांतून झिरपणारा उजेड मेंदूच स्वतः टिपतो. तो टिपणारी काही प्रथिनं पुढे सापडली. त्यांपैकी ऑप्सिन-५ हे २०१० मध्ये लावा पक्ष्याच्या हायपोथॅलॅमसमध्ये, मेंदूतल्या द्रवाला लागून असलेल्या चेतापेशींत मिळालं.

उजेड टिपणं वेगळं आणि तो किती तास होता हे मोजणं वेगळं. या दुसऱ्या भागावरचा सगळ्यात देखणा प्रयोग मला विल्यम हॅमनर यांचा वाटतो, १९६३ चा. त्यांनी हाउस फिंच या पक्ष्यांना फक्त सहा तास उजेड दिला आणि मधला अंधार कमीजास्त केला. उजेड-अंधाराचा फेरा २४, ४८ किंवा ७२ तासांचा असला की काहीच घडत नव्हतं. तो १२, ३६ किंवा ६० तासांचा केला की वृषणं वाढत होती. ३६ तासांच्या फेऱ्यात अंधार तब्बल तीस तासांचा, तरी शरीर म्हणतंय ‘दिवस मोठा आहे’! म्हणजे पक्षी उजेडाचे तास बेरजेने मोजतच नाही. त्याच्या आत सुमारे चोवीस तासांचं घड्याळ चालू असतं, आणि त्या घड्याळातला एक ठरावीक प्रहर संवेदनशील असतो. हिवाळ्यात तो प्रहर सूर्य मावळल्यावर येतो, म्हणून अंधारात जातो. दिवस लांबला की त्या प्रहरावर उजेड पडतो. छत्तीस तासांच्या फेऱ्यात दर दुसरा उजेड नेमका तिथेच येऊन पडत होता.

त्यानंतर काय होतं ते उलगडायला आणखी चाळीस वर्षं गेली. ताकाशी योशिमुरा आणि त्यांच्या गटाने जपानी लाव्यावर केलेल्या कामातून २००३ आणि २००८ मध्ये चित्र स्पष्ट झालं. लांब दिवस मिळालेल्या पहिल्याच दिवशी, पहाटेपासून साधारण चौदा तासांनी, मेंदूच्या तळाला लोंबणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीच्या देठाशी असलेल्या पेशी टीएसएच बनवू लागतात. हे थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक म्हणून आपल्या ओळखीचं आहे. रक्ततपासणीच्या कागदावर त्याचं नाव अनेकांनी वाचलेलं असतं. इथे मात्र ते गळ्यातल्या थायरॉइडकडे न जाता उलट दिशेने, शेजारच्या हायपोथॅलॅमसकडे जातं. तिथे ते एक विकर (एन्झाइम) जागं करतं, आणि ते विकर थायरॉइडच्या टी-४ या मंद रूपातून टी-३ हे तडफदार रूप तयार करतं, तेही फक्त त्या कोपऱ्यापुरतं.

टी-३ वाढलं की एक दार उघडतं, अगदी शब्दशः. जीएनआरएच हे पिट्युटरीला चालना देणारं संप्रेरक सोडणाऱ्या चेतातंतूंची टोकं एरवी आधारपेशींच्या वेढ्यात असतात. लांब दिवसांत तो वेढा मागे सरतो, टोकं रक्तवाहिन्यांजवळ पोचतात आणि जीएनआरएच पिट्युटरीकडे जातं. तिथून एलएच आणि एफएसएच ही संप्रेरकं रक्तात उतरतात, ती वृषणांना आणि अंडाशयाला वाढवतात, आणि त्यांतून पाझरणारी लैंगिक संप्रेरकं नराला गायला आणि हद्द राखायला लावतात. लाव्याची वृषणं दोनेक आठवड्यांत शंभर पटीहून जास्त वाढतात. २००० साली काझुयोशी त्सुत्सुई यांनी लाव्यातच जीएनआयएच शोधलं. ते या साखळीला लगाम घालणारं संप्रेरक आहे.

माशांकडे वळलं की हेच भाग वेगळ्या जागी भेटतात. हायपोथॅलॅमसच्या खाली अनेक माशांना रक्तवाहिन्यांनी भरलेली एक तांबूस पिशवी असते. ती कशासाठी, हे शतकानुशतकं कोडं होतं. २०१३ मध्ये जपानी मासू सामनवर काम करणाऱ्यांना या पिशवीत उजेड टिपणारी प्रथिनं, टीएसएच आणि टी-३ बनवणारं विकर, सगळं एकाच ठिकाणी मिळालं. पिशवी काढली तर दिनमान बदलूनही जननग्रंथी वाढेनात. आणि मासू सामन शरद ऋतूत वितो, म्हणून त्याच्यात ही साखळी दिवस लहान झाल्यावर जागी होते. पक्ष्यासारखीच यंत्रणा, फक्त उलट्या ऋतूला बांधलेली.

पण दिनमानावर माशाचं भागत नाही. पाण्याचं तापमान त्याच्या अंगाचंच तापमान असतं, त्यामुळे गाबोळी किती वेगाने भरेल हे पाणी ठरवतं. रोहू, कटला, मृगळ हे मासे साचलेल्या तळ्यात पूर्ण पक्व होतात, तरी तिथे अंडी सोडत नाहीत. त्यांना पावसाळी पुराचं वाहतं पाणी लागतं. ते नसेल तर मेंदूतून येणारं डोपामीन हे रसायन एलएचची शेवटची लाट दाबून धरतं आणि गाबोळी तशीच राहून जिरते. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी दुसऱ्या माशांच्या पिट्युटरीचा अर्क टोचून या माशांना तळ्यात विण्यास भाग पाडलं. तोवर मत्स्यबीज पुराच्या नदीतून गोळा करावं लागत असे. आता अर्काऐवजी जीएनआरएचसारखं कृत्रिम रेणू आणि डोपामीनला अडवणारं औषध एकत्र देतात, म्हणजे एका हाताने ढकलायचं आणि दुसऱ्याने अडसर काढायचा.

पक्ष्यांतही दिनमान फक्त दार उघडतं. नेमकी तारीख इतर गोष्टी ठरवतात. माद्यांच्या बाबतीत हे विशेष खरं. डॅनियल लेरमन यांनी होल्यांवर दाखवलं, की काचेपलीकडे नर घुमताना नुसता दिसला तरी मादीचं अंडाशय वाढू लागतं. क्रॉसबिल हे पक्षी पाइन-स्प्रूसच्या बिया मुबलक असतील तर हिवाळ्यातही वितात. विषुववृत्ताजवळ, जिथे दिनमान फारसं बदलत नाही, तिथे हा धागा निरुपयोगी असेल असं वाटे. पण पनामातल्या ठिपकेवाल्या अँटबर्डचा दिवस प्रयोगात फक्त १७ मिनिटांनी वाढवला, तरी त्याची वृषणं वाढली. १७ मिनिटं!

हंगाम थांबवायचं कामही तितकंच नेटकं. स्टार्लिंग या पक्ष्याची वृषणं उन्हाळ्यात दिवस अजून लांब असतानाच आक्रसतात. शरीर त्या उजेडाला दाद देणंच बंद करतं, नाहीतर उशिराची पिल्लं ऐन टंचाईत जन्मली असती. यालाही थायरॉइडचीच संप्रेरकं लागतात. ग्रंथी काढलेला स्टार्लिंग थांबतच नाही. आणि पुन्हा दाद द्यायला लागण्यासाठी त्याला काही आठवडे लहान दिवस, लांब रात्री अनुभवाव्या लागतात.

इथे मला काळजी वाटते. हवामान बदलतंय, पण दिनमान तेच आहे. नेदरलँड्समधल्या होगे वेलुवे जंगलात १९५५ पासून ग्रेट टिट या पक्ष्याच्या घरट्यांच्या नोंदी आहेत. तिथे उबदार वसंतामुळे अळ्यांचा सुकाळ पुढे सरकला, पक्ष्यांची अंडी घालायची वेळ मात्र तेवढी सरकली नाही. आणि रोवन यांचा प्रयोग आता आपण रस्त्यारस्त्यावर नकळत करतो आहोत. जर्मनीत ब्लॅकबर्ड नरांना रात्रभर ०.३ लक्स, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड दिला. पहिल्या वर्षी त्यांची वृषणं जवळजवळ एक महिना आधी वाढली. तोच उजेड पुढेही चालू ठेवला, आणि दुसऱ्या वर्षी ती वाढलीच नाहीत.